आधी ओटी, मग प्रश्न

मनीषनगर, नागपूर
४ डिसेंबर

ती. सौ. प्रमोदिनीकाकूस,
भैरवीचा शि. सा. न. वि. वि.

मौद्याहून सुखरूप पोचले. नारळांच्या ओझ्याने पिशवीचा बंद तुटला. यांनी विचारलंच, की माहेरी गेली होतीस की नारळाच्या दुकानात.

पण काकू, घोटाळा झालाय. पुरानंतर लोकांच्या मनाला किती त्रास होतोय ते मोजायला मी प्रश्न घेऊन आले होते ना? झोप लागते का, जीव घाबरतो का, पूर डोळ्यांपुढे येतो का. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. आपल्या अख्ख्या गावाला जवळजवळ शून्य! हे काम देणाऱ्या आमच्या मॅडम म्हणाल्या, की एकतर तुझं गाव दगडाचं आहे, नाहीतर तुझं विचारणं चुकलंय. गुण असेच राहिले तर आपल्याकडे दर आठवड्याला पाठवायचा ठरलेला समुपदेशक दुसऱ्या गावाला जाईल.

तूही शून्यच सांगितलंस. मग नळाला पाणी आलं की हातातलं टाकून दाराकडे का धावतेस? मला तुझी फार काळजी वाटते. फोनवर विचारलं असतं, पण काका तो स्पीकरवर लावतात.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
भैरवी

११ डिसेंबर

चि. सौ. भैरवीस अ. उ. आ.

एवढी शिकलीस, पण वेडी ती वेडीच! लग्नानंतर पहिल्यांदा गावात आलीस. प्रत्येक घराने तुला कुंकू लावलं, ओटी भरली आणि मग तू कागद काढलास. ओटी घेतलेल्या लेकीला कोण रडगाणं सांगेल? तिला हसूनच पाठवायचं असतं. शामलाबाईची भिंत पडली, तरी ती तुला म्हणाली, की आमचं काय वं, मजेत आहो आम्ही. तू वळलीस आणि ती माझ्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. आता कोणी परकं पाठव.

माझं विचारतेस, तर तू समोर नाहीस म्हणून लिहिते. झोप लागत नाही. पाणी चढलं तेव्हा आम्ही शाळेच्या गच्चीवर गेलो आणि कालवड गोठ्यात बांधलेलीच राहिली. तिचं हंबरणं ऐकू येत होतं, मग येईनासं झालं. नळाचं पाणी वाजलं की मला अजून तिची हाक येते. काकांजवळ बोलले नाही. दावं सोडायला तेच विसरले होते गं.

माया आहेच, पत्र पाठवत जा.
तुझी काकू

१६ डिसेंबर

ती. सौ. काकूस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून खूप रडले. जुने गुण मॅडमनी बाद केले. माझी मैत्रीण नूपुर सोमवारी येतेय. ती गावात कोणाचीच कोणी नाही. तिला सगळं सांग, माझ्यासाठी सांग.

तुझीच,
भैरवी

२९ डिसेंबर

चि. सौ. भैरवीस अ. उ. आ.

नूपुर येऊन गेली. समुपदेशक दर गुरुवारी येणार आहे. शामलाबाई तिच्यापुढे पोटभर रडली आणि मग तिचीही ओटी भरली!

मी कालवडीचं सांगत होते, तर काका मागे दारात उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाली बसले आणि म्हणाले, की दावं सोडाचं माह्याच हातून राहिलं, मलेही तिची हाक येते. इतके दिवस एका घरात राहून आम्ही एकमेकांपासून हेच लपवत होतो.

संक्रांतीला ये. ओटी भरीनच, पण जाताना. आधी माझ्याजवळ बस. नळाला पाणी आलं की मी अजून दाराशी जाते, पण आता काकाही येतात.

अशीच जीव लावत राहा.
तुझी काकू