माळावरच्या खिडक्या

आई, काल मी तुझ्या माळावरच्या इस्पितळात जाऊन आले. कुणाला बघायला नाही, पेशंट म्हणून. गावात अजून त्याला टीबीचा दवाखानाच म्हणतात, फाटकावर मात्र आता संशोधन केंद्राचा भला मोठा फलक आहे, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. निमित्त माझ्या खोकल्याचं. दिवाळीपासून जाता जाईना. मुलगा म्हणाला ॲलर्जी, सून म्हणाली धूळ, आणि मी म्हणाले, जन्मभर शाळेत खडू खाल्ला तो आता बाहेर पडतोय. शेवटी खडेबाजारातल्या आमच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि चिठ्ठी देऊन माळावर पाठवलं. थुंकी तपासायला दिली होती, काल निकाल घ्यायला बोलावलं होतं. माझं मला फारसं काही वाटत नाही गं, माझं वय झालं. पण माझी नात माझ्या कुशीत झोपते. बाळ होती तेव्हापासून झोपते. माझा श्वास रोज तिच्या गालावर पडतो, हे तो फोटो बघेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

तू आता ती जागा ओळखणार नाहीस. तुझ्या वेळी तिथली एकही खिडकी लावायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम होता. पावसाची झड आत यायची, फरशी ओली व्हायची आणि पेशंट कानापर्यंत घोंगडी ओढून खोकत पडलेले असायचे. मी शाळा सुटल्यावर तारेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहायची, आणि तू वॉर्डातली उष्टी भांडी धुता धुता लांबूनच हात करायचीस. घरी आलीस की डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडायचीस. ह्या लोकांस्नी काळीज न्हाय, म्हणायचीस, मरणाऱ्याला बी वाऱ्यात ठेवत्यात. पुढं चांगली औषधं आली, खाटा रिकाम्या झाल्या, वॉर्डांना कुलपं लागली. कितीतरी वर्षं तिथं मधमाश्यांखेरीज कुणी राहत नव्हतं. आता त्याच वॉर्डांना काचा बसवल्यात, आणि त्या उघडतच नाहीत. मी सवयीनं एका काचेला कपाळ लावून आत बघायला लागले, तर पांढऱ्या कोटातली एक मुलगी धावत आली आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत म्हणाली की इथं थांबू नका, आत जंतू वाढवतात, अभ्यासाला. भिंतीआड कसलं तरी यंत्र सारखं घरघरत होतं. तू ज्या कोपऱ्यात भांडी घासायचीस तिथं आता एक लोखंडी दार आहे. ते उघडलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, माझा पदरसुद्धा तिकडं वळला. मी तो धरून ठेवला.

तुला त्या रोगाची किती भीती होती, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. कामावरून आलीस की परसात उभी राहायचीस, अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाहीस. धाकटी पोर धावत गेली तर ओरडायचीस, लांब हो, शिवू नकोस मला. तुझं ताट वेगळं, तुझा जर्मलचा पेला वेगळा, तो कोनाड्यात उंचावर पालथा. उष्ट्यातनं रोग येतो हे तू वॉर्डात शिकली नव्हतीस, ते आपल्या घराघरांत आधीपासूनच होतं, तू फक्त ते आणखी कडक केलंस. आणि दिवे लागले की त्याच हातांनी सगळ्या खिडक्या लावायचीस. आपल्या कंग्राळी गावचा गारठा तो. फटीत चिंध्या कोंबायचीस, आम्हा भावंडांना एका वाकळेत घ्यायचीस आणि आमच्या मध्ये झोपायचीस. दिवसभर शिवू न देणारी तू तेवढा वेळ आमची असायचीस. तुझा खोकला माझ्या मानेला लागायचा. चुलीचा धूर लागलाय, म्हणायचीस. खोकला दाखवला तर कामवाली बाई खाटेवर जाते आणि पगार बंद होतो, हे तू शेजारच्या काकूंना सांगताना मी ऐकलेलं आहे.

मग धाकटी गेली. आधी नुसता ताप, मग मान ताठ, मग ती कुणाला ओळखेनाशी झाली. त्याच्या थोडं आधी ती तुझ्या पेल्यातला उरलेला चहा प्यायली होती, आणि तू तेवढं धरून बसलीस. आप्पा एकदाच बोलले, पण बोलायला नको होतं ते बोलले. पेला खाली का ठेवलास, म्हणाले. तू तो विहिरीत टाकलास. त्यानंतर तू आमच्यात झोपली नाहीस, आणि फार दिवस राहिलीही नाहीस. शेवटपर्यंत तुझ्या तोंडी तेच होतं, माझ्या उष्ट्यानं पोर गेली.

काल डॉक्टरांनी निकाल सांगितला. आहे, म्हणाले. माझ्या मुलापेक्षा लहान वयाचा पोरगा, पण बोलायला बरा. घरात पूर्वी कुणाला होता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तुझं सांगितलं, धाकटीचं सांगितलं आणि पेल्याचंही सांगितलं. ते म्हणाले, "आजी, हा भांड्यातनं पसरत नाही. खोकल्यातनं हवेत येतो, आणि हवा कोंडली की साचतो."

मला इतकं हलकं वाटलं, आई. पेल्यानं काही झालं नव्हतं. हे तुला कसं कळवू असं झालं मला, फाटकापर्यंत मी जवळजवळ पळतच आले. आणि रिक्षाची वाट बघत उभी असताना त्यांच्या बोलण्यातलं उरलेलं निम्मं, ते कोंडलेल्या हवेचं, माझ्यापर्यंत पोचलं. फटीत कोंबलेल्या तुझ्या चिंध्या डोळ्यांपुढं आल्या. म्हणून ही चिठ्ठी तुला धाडता आली असती तरी मी धाडली नसती. तू त्या पेल्यालाच दोष देत राहा.

आणखी एक बोलले ते. खात्रीनं सांगता येत नाही, पण लहानपणी आत गेलेला जंतू जन्मभर गप्प राहतो आणि म्हातारपणी उठतो. हे ऐकून भीती वाटायच्या आधी क्षणभर मला बरं वाटलं. तुझं माझ्याकडं काही उरलं नव्हतं ना. फोटो कधी काढलाच नव्हता, आणि तुझी लुगडी, अंथरूण, सगळं लोकांनी परसात जाळलं. मग भीती आली ती नातीची, आणि ती गेलेली नाही.

परवा, माझा निकाल यायच्या आधीच, तिलाही तपासायला नेलं होतं. कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला बारीकशी सुई टोचली आणि भोवती बॉलपेननं गोल काढला. आत टणक फुगवटा आला तर जंतू अंगात शिरलाय असं समजायचं, म्हणून तो गोल उद्या डॉक्टरांनी बघायचा आहे. सगळ्या वर्गाला दाखवून आली ती, भारी कौतुक. मी आता बाहेरच्या खोलीत झोपते, घोरते म्हणून तिला सांगितलंय.

उद्यापर्यंत बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. मगाशी ती समोर बसून शुद्धलेखन काढत होती. मी तिचा हात जवळ ओढला आणि बाही वर सारली. गोलाच्या आत सुपारीएवढं टणक आलंय, बोटाला लागतंय. सुनेनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय बघताय. मी म्हणाले, अक्षर.