अम्मीला हात कळतो

दौंड,
ता. १८ नोव्हेंबर १९९८

अम्मीस,

शिरीनचा सलाम. आणि ताईबाई मावशी, तुम्हाला जयभीम, कारण पत्र फोडणार तुम्ही, अम्मीला वाचून दाखवणार तुम्ही, आणि तिच्याआधी पदर डोळ्याला लावणार त्याही तुम्हीच. अंगणवाडी सुटल्यावर निवांत वाचा. शाकीरच्या हाती मात्र देऊ नका. माझा भाऊ दोन ओळी वाचतो आणि "बाकी समदं बरं हाय" म्हणून घडी घालून ठेवतो.

मी बरी आहे. मेसच्या आमटीत डाळ अजून सापडलेली नाही, शोध चालू आहे. नर्सिंगच्या पुस्तकांतली चित्रं बघून पहिल्यांदा जेवण जात नव्हतं, आता पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवून जेवते. दिवाळीच्या सुट्टीत ड्यूटी आहे म्हणून निमोण्याला आले नाही, असं कळवलं होतं. ड्यूटी नव्हती. हॉस्टेलवर मी आणि वॉचमन दोघंच होतो.

शाकीरचं कार्ड आलं. कारेगावच्या कंपनीत अजून टिकून आहे म्हणतो. त्यानंच लिहिलंय, की दौंडला जाऊन आल्यापासून अम्मीसमोर तुझं नाव काढलं की ती बांगड्यांची पेटी उघडून बसते.

त्याबद्दल लिहायचंच आहे. पण आधी दुसरं सांगते, म्हणजे धीर येईल.

या महिन्याच्या नऊ तारखेची गोष्ट. दवाखान्यात गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस होता. आम्हा शिकाऊ मुलींकडं केसपेपर लिहायचं आणि वजन घ्यायचं काम. नदीकाठच्या वाडीवरची भाग्यश्री नावाची मुलगी सासूबरोबर आली होती. वीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. रांग दारापर्यंत गेलेली आणि सासूला, रंगुबाईला, दोनची एसटी गाठायची घाई. "उगं कशाला बसायचं? पोरगी धडधाकट हाय. हात बघा की कसं भरल्यात. घरचं दूध मानवलंय तिला."

मी भाग्यश्रीला वजनकाट्यावर चढवलं. तोल जायला लागला म्हणून तिनं हात वर करून भिंतीवरची खुंटी धरली. दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या, आणि अम्मी, एकही वाजली नाही. हात वर गेला तर बांगड्या कोपराकडं यायला नकोत? जागच्या हलल्या नाहीत.

मी विचारलं, "कवा भरल्या गं?"

"डोहाळजेवणाला. पंधरा दिस झालं."

"तवा घट्टच व्हत्या?"

"न्हाई. बांगडीवालीच म्हणली, दिवस हायती, थोड्या सैल घे."

कवठ्याच्या यात्रेत तू एका बाईला सांगितलेलं डोक्यात वाजायला लागलं. मी तेव्हा दहा वर्षांची असेन, शेजारी बसून रेवड्या खात होते आणि कधी उठते असं झालं होतं. तू तिचं मनगट धरून म्हणालीस, "मांस महिन्यानं चढतं बाई, पानी दिसांत चढतं. मांस दाबलं की उठतं, पानी दाबलं की खड्डा ऱ्हातो. घरी नको, आधी डॉक्टरकडं जा." मी भाग्यश्रीच्या हातावर अंगठा दाबला. खड्डा राहिला. डोकं दुखतं का विचारलं, तर म्हणाली दोन दिवस दुखतंय आणि डोळ्यांपुढं चांदण्या येत्यात. रंगुबाई म्हणाली, "पित्त हाय ते."

मी त्या मुलीला हाताला धरून रांग मोडून डॉक्टर मॅडमकडं नेलं. रांगेतल्या बायकांनी माझा उद्धार केला, आणि त्यांचं बरोबरच होतं. मॅडमनी बीपी घेतलं. वरचं एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. मग म्हणाल्या, "ही आज एसटीत बसली असती तर वाटेतच झटके आले असते." लगेच कॉट दिली.

बांगड्या काढायच्या होत्या, पण फोडू देईना. सौभाग्याच्या हिरव्या बांगड्या अशा वाढवायच्या नाहीत म्हणून रडायला लागली. मग मी साबणाचं पाणी आणलं आणि तू करतेस तसं केलं. अंगठ्याचं हाड तळहातात दुमडायचं, चार बोटं एकावर एक घ्यायची आणि आपण गप्पा मारत राहायचं, म्हणजे हात आपोआप मऊ पडतो. चोवीसच्या चोवीस सगळ्या निघाल्या. चौथ्या दिवशी तिला मुलगी झाली. चिमणीएवढी आहे, पण वॉर्ड डोक्यावर घेते. दोघी बऱ्या आहेत, अल्लाहची मेहेरबानी.

त्या दिवसापासून मला तुझंच सगळं आठवतंय. तू कुणाला कधी माप विचारलं नाहीस. नुसता हात हातात घ्यायचीस आणि सव्वादोन की अडीच ते तुला कळायचं. कुणाचा हात तापाचा, कुणाचा उपाशी, कुणी रात्रंदिवस खुरपं धरलंय, सगळं कळायचं. मच्छिंद्रला भर बाजारात हटकलंस ते तर मी विसरणारच नाही. "काय रं, तुझ्या बायकूच्या उजव्याच हातातल्या बांगड्या दर महिन्याला वाढत्यात. डावा हात काय काम करत न्हाई व्हय?" चार लोक बघायला लागले आणि तो खाली मान घालून गेला. त्यानंतर तिचा हात पिरगळायची त्याची हिंमत झाली नाही. मी तेव्हा हसले होते. तुझी नजर किती खोल जाते ते मला आता, पांढरा ड्रेस घातल्यावर कळलं. पुस्तकात हे सगळं एका ओळीत आहे. ती ओळ मी परीक्षेत लिहिलीसुद्धा होती, पण माणसाच्या हातावर ती वाचायला तूच शिकवलंस, आणि तेही मी शिकत नसताना.

मॅडमनी सगळ्या मुलींसमोर विचारलं, "शिरीन, हे कुठं शिकलीस?"

मी म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं, मॅडम."

ताईबाई मावशी, इथं मी आधी लिहिलं होतं की पुढचं हळू वाचा. ते खोडलंय, तुम्हाला दिसतच असेल. मोठ्यानं वाचा. ओट्यावर बायका बांगड्या भरायला बसल्या असतील तर त्यांनाही ऐकू जाऊ दे.

सप्टेंबरात माझी अम्मी मला भेटायला दौंडला आली. डोक्यावर बांगड्यांची पेटी, हातात माझ्यासाठी केलेल्या गुळाच्या पोळ्या. मी हॉस्टेलच्या गेटवर मैत्रिणींबरोबर उभी होते. एकीनं विचारलं, "ही कोण गं?" आणि मी म्हणाले, "आमच्या गावची बांगडीवाली आहे."

अम्मी, तू चार पावलांवर होतीस. तू ऐकलंस. आणि मला खोटं पाडायचं सोडून तू पेटी खाली ठेवलीस, बसलीस आणि त्या सगळ्यांना बांगड्या भरल्यास. शेवटी माझ्याकडं हात पुढं करून म्हणालीस, "तुमी बी भरता का, बाई?" मला. तुमी. बाई. माझा हात धरलास, अंगठ्यानं मनगट चाचपलंस आणि हळूच म्हणालीस, "हात वाळलाय. जेवत जा." पोळ्यांचं फडकं तिथंच ठेवून निघून गेलीस. मैत्रिणी म्हणाल्या, किती चांगली आहे गं बांगडीवाली. त्या पोळ्या मी एकटीनं खाल्ल्या, बाथरूममध्ये दार लावून.

लाज तुझी वाटली होती, हे लिहितानाही हात जड होतोय. पण तसंच आहे, आणि तुझ्यापासून हातातलं काही लपत नाही, मग हे तरी कशाला लपवू?

काल मॅडमकडं गेले आणि खरं सांगितलं. म्हणाले, पुस्तकात नाही, माझ्या आईनं शिकवलं, ती निमोण्यात बांगड्या विकते. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस आम्हाला का सांगितलं नाहीस? बोलाव त्यांना. सगळ्या वर्गाला हात कसा बघायचा ते दाखवू दे."

शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, ये. रमजानच्या आधीच ये, म्हणजे जेवायला घालता येईल. एसटीपाशी मी असेन, पेटी मी घेईन, आणि आपण गेटवरूनच आत जाऊ. त्या दिवशीच्या सगळ्या मैत्रिणींना मी तिथं उभं राहायला सांगितलंय. तू कोण ते मी त्यांना सांगणार आहे. तू आली नाहीस तरी सांगणार आहे. पण अम्मी, ते पहिलं तू तुझ्या कानांनी ऐकलंस. हेही तुझ्याच कानांनी ऐक.

तुझीच,
शिरीन