निवडलेले

नेरूळ, मार्च १९९३

एलिझरदादा, शालोम.

इस्रायलला गेल्यापासून तू दर पत्रात विचारतोस, "दारावरच्या मेझुझाला रोज हात लावतेस ना?" मागच्या खेपेला मी 'हो' लिहिलं. ते खोटं होतं.

जानेवारीत, दंगलीच्या दिवसांत, सोसायटीत चार माणसं दारावरच्या पाट्या वाचत फिरत होती. आपल्या चौकटीवरची मेझुझाची ती नळी बघून एकाने विचारलं, "हे काय? तुम्ही नक्की कोण?" मी पटकन म्हणाले, "आधीच्या भाडेकरूंचं आहे हो."

ते गेल्यावर मी स्क्रू काढले. बाबांनी पेणहून आणलेला, आत देवाचं वचन गुंडाळलेला मेझुझा तांदळाच्या डब्यात खुपसला. दंगल थांबली, पण तो अजून तिथेच आहे. चौकटीकडे माझा हातच जात नाही.

काल दुपारी त्याच डब्यातले तांदूळ निवडत होते. तुझी भाची शुली शेजारी बसली होती. बाबा आपल्याला सांगायचे तेच मी तिला सांगितलं, की देवाने सगळ्या जगातून आपल्याला, ज्यूंना, निवडलं, आपण त्याचे लाडके.

ती ताटाकडे बघत म्हणाली, "आई, पण तू निवडून काढतेस ते तर खडे."

"गप बस!" मी ओरडले. फार जोरात ओरडले, दादा.

थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "मग देव आपल्याला कुठे टाकणार?"

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. डब्यातच ठेवते, मेझुझाजवळ.

तुझी धाकटी,
रिवका