हौदातला महादेव

रेणापूर, सोमवार

प्रिय मंजुश्री,

तुझी कंबर, दाजींची केळी आणि वर्षाराणीच्या लग्नाची खरेदी, तिन्ही ठीक असावं. फोनच केला असता, पण आव्वा आईच्या हक्कानं कान देऊन शेजारी बसते आणि तक्रार तिचीच आहे.

भाचीच्या लग्नात मामाच्या हातचा मोती देईन, असं मी मागच्याच्या मागच्या दिवाळीत सर्वांसमोर बोललो होतो. त्यासाठी मांजरा नदीतले शिंपले आणून हौदात ठेवले. (आव्वा त्यांना गोगलगाई म्हणते. गोगलगाईला एकच शंख, शिंपल्याला दोन झाकणं, सांगून थकलो.) शिंपला म्हणजे त्या जिवानं शोधलेलं घर नव्हे, तो अंगाबरोबर वाढतो. अंगावरचा मऊ पदर पाण्यातला चुना घेऊन कडेकडेनं नवा थर देतो. धोका वाटला की आतले स्नायू आवळून झाकणं बंद! पदराखाली काही खुपलं आणि बाहेर टाकता आलं नाही, तर त्यावर चकचकीत थर चढवत राहतो. हे सगळं मी स्वतः वाचून शिकलो, कुठल्याही कॉलेजात न जाता. शेजारच्या धोंडप्पानं मात्र एवढंच विचारलं, "आप्पा, लिंगायताच्या घरी कालवण करून राहिलात काय?"

चूक एकच झाली. नुसता गोल मणी नको, शोभेचं काही हवं म्हणून मी शिंपल्याच्या भुकटीची महादेवाची इवलीशी पिंड घडवून एकाच्या पदराखाली सरकवली. आव्वाला कौतुकानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हौदाला विभूतीचे पट्टे आणि पाण्यात बेल! (बेल कुजतो, पाणी नासतं. ऐकतं कोण?) आता गल्ली दर्शनाला येते. मोती कवचाला आतून चिकटलेला, म्हणजे जीव मारल्याशिवाय निघत नाही. सुरी काढली की आव्वा ओरडते, "देवावर हत्यार चालवतो काय रे? लई शिकलास!" लग्न तोंडावर आलंय आणि माझा शब्द आव्वामुळं अडकलाय.

तुझा अण्णा,
राजशेखर

ता. क. नांदेडच्या सराफाकडून एक बरासा मोती आणून ठेवशील का? पैसे मी देईन.

ता. क. दुसरा. आव्वानं परवाच कौल लावून परवानगी दिली. "पोरीच्या लग्नासाठी हाय, महादेव रागावायचा न्हाई," म्हणाली. मी सुरी घेऊन बसलो. मला पाहून शिंपल्यानं झाकणं घट्ट मिटली. मी पाणी बदललं आणि त्याला परत हौदात ठेवलं. हे दाजींना सांगू नकोस. वर्षाराणीलाही खोटं सांगू नकोस. मामाचा मोती अजून वाढतोय, एवढंच सांग. जीव आहे तोवर थर चढतोच, हे शास्त्रानुसार खरं आहे. तिच्या लेकराच्या बारशापर्यंत चांगला जाड होईल.