तिसऱ्या खिडकीतला दिवा

४ जानेवारी, शनिवार

दिव्याने माझ्या मॉडेल रेल्वेचा चौथा डबाही आणून दिला. स्लीपरचा. छप्पर उचललं आणि बघतच राहिलो! वीतभरापेक्षा जरासा लांब डबा, पण आत निळे बर्थ, खिडकीला लटकवलेली पाण्याची बाटली, साइड लोअरला गुडघे दुमडून झोपलेला म्हातारा. वर नऊ दिवे, एकेक खसखशीएवढा. तार तर अशी फिरवलीय की कुठून गेली ते शोधावं लागतं. मी विकत घेतले तेव्हा हे डबे म्हणजे आतून रिकामी खोकी होती.

दिव्या पूर्वी चाकणला आमच्याच कंपनीत होती, वायरिंगच्या लाइनवर. मी क्वालिटीत. तिचा माल तपासायला आला की मी निवांत चहा प्यायचो. मग कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ती घरी बसली. चिखलीत राहते, नवरा सुजित लेथवर आहे, सोबत सासू. माझे डबे ती दुपारी करते, स्वयंपाक आटोपल्यावर. मी तिला पैसे देतो. रीतसर व्यवहार आहे.

रीतसर, हे स्वतःलाच का बजावतोय मी?

९ जानेवारी, गुरुवार

आठवड्याची सुट्टी. रविवारी पिंपळे सौदागरच्या हॉलमध्ये आमच्या मॉडेल रेल्वेवाल्यांचं प्रदर्शन. फॉर्म भरला. त्यात एक रकाना आहे — आतली सजावट आणि दिवे 'स्वतः केले' की 'करून घेतले'? 'स्वतः'वर खूण केली. 'करून घेतले'ला बक्षीसच नाही.

मग चैन पडेना. स्लीपरचं छप्पर काढलं, तिसऱ्या खिडकीच्या दिव्याची तार तोडली आणि माझ्या हाताने पुन्हा डाग देऊन जोडली. आता निदान नवव्या हिश्शाइतकं तरी 'स्वतः' झालं! बेचाळिसाव्या वर्षी माणूस स्वतःची अशी समजूत घालतो.

ऋचा दारात उभी होती. "चांगला चालत होता ना तो?" एवढंच म्हणाली. माझी बायको प्रश्न विचारते तेव्हा उत्तर तिला आधीच माहीत असतं.

१२ जानेवारी, रविवार

लिहायची लाज वाटतेय. तरी जसं झालं तसं लिहितो.

हॉलमधले दिवे मंद केले आणि माझी गाडी फिरायला लागली. चारही डबे उजळलेले, खिडक्यांत माणसं. गर्दी माझ्याच टेबलाशी. त्यात ज्ञानेशराव म्हणून एक गृहस्थ होते, बिल्डर लोकांना इमारतींची मॉडेलं करून देतात. वाकून वाकून बघत होते. म्हणाले, "अनिशराव, खरं सांगा, कुणाचा हात आहे हा? माझा दिवे बसवणारा माणूस गावाला गेला तो परत आलाच नाही. असा हात मिळाला तर उद्यापासून कामावर घेतो. कायम."

एक नाव घ्यायचं होतं. बस.

"मीच केलं हो," म्हणालो. "सुट्टीच्या दिवशी, थोडं थोडं."

आणि तेवढ्यात समोर दिव्या! मी तिला बोलावलं नव्हतं, तिने रस्त्यावरचा बोर्ड वाचला असणार. ठेवणीतली साडी, केसांत गजरा, सोबत सासू अंबूबाई. सुनेचं काम बघायला आणलं होतं त्यांना. गाडी थांबली तेव्हा दिव्याने स्लीपरकडे हात नेला. ज्ञानेशराव माझ्या खांद्याशी उभे.

मी म्हणालो, "ताई, हात लावू नका."

ताई! इतकी वर्षं तिला नावाने हाक मारतोय. तिने हात मागे घेतला. डब्याकडे बघत हळूच म्हणाली, "तिसऱ्या खिडकीतला दिवा बारीक जळायलाय."

अंबूबाई इकडेतिकडे बघत होत्या. "तुझे सर कुठं हायत गं?"

दिव्याने माझ्याकडे बघितलं. "दिसेनात, आत्या. चहाला गेले असतील."

दोघी निघून गेल्या. थोड्या वेळाने ज्ञानेशरावही बाहेर पडले. मला पहिलं बक्षीस मिळालं.

१३ जानेवारी, सोमवार

बक्षिसाची ढाल चपलांच्या कपाटात ठेवली होती. ऋचाने काढून, पुसून, टीव्हीशेजारी मांडली. मुद्दाम.

१६ जानेवारी, गुरुवार

स्लीपर उघडला. आठ दिवे लख्ख, तिसरा मिणमिणता. माझा जोड कच्चा राहिलाय, कथील नीट धरलंच नाही. कंपनीत असा जोड सापडला तर मी लाल चिठ्ठी लावतो आणि करणाऱ्याचा नंबर वहीत टाकतो. दिव्याच्या नंबरावर कधी लाल चिठ्ठी लागली नव्हती.

ऋचाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला सांगून काय होणार? चिखली काय परदेशात आहे?"

खरंय. आधी दिव्याची माफी मागायची, मग ज्ञानेशरावांना फोन करून तिचं नाव सांगायचं. दोनच कामं. गाडीत पेट्रोल होतं, आख्खा दिवस मोकळा होता. नाही गेलो. दुपारभर पंखे पुसले.

१८ जानेवारी, शनिवार

दिव्याला मेसेज लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. शेवटी पाठवलं काय, तर — 'डबे सगळ्यांना आवडले.' तिचं उत्तर लगेच आलं. जोडलेले हात.

नालायक आहे मी.

२३ जानेवारी, गुरुवार

गेलो चिखलीला. अंबूबाईंनी खुर्ची दिली, चहा दिला. कपाला हात न लावता दिव्याला सगळं सांगून टाकलं. फॉर्म, बक्षीस, ज्ञानेशरावांकडची जागा. म्हणालो, आत्ता तुझ्यासमोर त्यांना फोन लावतो.

"नका लावू, सर. जागा भरली, घरच्यांनी परवा इचारून बघितलं. त्या साहेबांनी मला प्रदर्शनादिवशीच बाहेर गाठलं होतं. तो दिवा बारीक जळायलाय ते बरोबर कसं कळलं, तुम्हीच केलं का हे काम, म्हणून इचारलं. कामाला येता का, असंबी म्हणाले. मी नाही म्हणलं."

का नाही म्हणालीस?

"एक दिवा बारीक जळायला होता ना. मला वाटलं, त्याचीच लाज वाटून सरांनी वळख दिली नाही. मग कुठल्या तोंडानं म्हणू, मी केलं म्हणून?"

तो जोड माझा होता, मी म्हणालो. तुझा चांगला होता, मी तोडला. दोनदा सांगितलं.

ती हसली. "राहू द्या, सर. माझं मन राखायसाठी कशाला स्वतःवर घेता."