तुपाचा डबा

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

हुपरी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

अनुचा नमस्कार. वहिनींना नमस्कार सांग. राजवीर बरा आहे, पहिलीत गेला, पाढे म्हणताना सातावर अडकतो. तुझ्यासारखाच. म्हशी कशा आहेत? गाभण होती ती व्यायली का?

पत्रास कारण पुष्कळ आहे, म्हणून आधी एवढी खुशाली लिहून घेतली. तू मे महिन्यापासून माझा फोन उचलत नाहीस. उचललास तरी उपयोग नव्हता. आमचं घर तुला माहीत आहे, पुढच्या खोलीत चांदीचं काम आणि मागं स्वयंपाक. शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू जातं. आज सगळी रेंदाळला बारशाला गेली आहेत. मी डोकं दुखतंय म्हणून राहिले. हे पत्र झुंबरबाईंच्या हाती देते. त्या आमच्याकडं पैंजण उजळायला येतात, त्यांची लेक तुमच्या कळंब्यात दिली आहे. सोबत एक पितळी डबा देतील. तो वहिनींचाच आहे. माझ्याकडं कसा आला ते पुढं लिहिते.

अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आहे, त्याला हसू नकोस. चार ओळी लिहिल्या की पेन ठेवून डोळे मिटावे लागतात. खिडकीही लावून घेतली आहे, कारण वारा लागला की डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. उजव्या डोळ्याला एक जखम आहे, बुबुळावर. आरशात बघितलं तर पांढरा ठिपका दिसतो.

आता तू म्हणशील, हिचं काय नवीन नाटक.

दादा, तो शब्द तू ज्या दिवशी वापरलास त्या दिवसाबद्दलच लिहायचं आहे. आबांना अंगणात ठेवलं होतं. बयाबाई आत्या माझ्या गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या, आणि रडता रडता त्यांनी एका हातानं माझा गाल चाचपला. मला कळलं की त्या काय बघतायत. गाल कोरडा होता. सगळ्या बायका भिजलेल्या, आणि सख्खी लेक खडखडीत! त्यात सरपणाचा धूर डोळ्यांत शिरून इतकी आग व्हायला लागली की मला उभं राहवेना. मी गोठ्यामागं गेले, कमरेच्या पिशवीतली बाटली काढली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. परत आले तेव्हा गाल ओले होते. आत्या माझ्या मागोमाग आल्या होत्या हे मला दिसलंच नाही.

"बाटलीतनं पाणी घालून रडतीया गं ही बापाला!" असं त्या ओरडल्या. आणि तू आबांच्या उशाशी बसला होतास, तिथनं उठलास. "आबांच्या म्होरं तरी नाटक करू नगंस. जा तुझ्या घरला." सगळ्या भावकीसमोर. मी एक शब्द बोलले नाही. तुला वाटलं, बोलायला तोंडच नाही. दहाव्याला निरोप आला नाही, पंचमीला माहेरी न्यायला मुराळी आला नाही. मी उंबऱ्यात चार वेळा जाऊन आले त्या दिवशी, कुणाला कळू नये म्हणून हातात केरसुणी घेऊन.

तू म्हशीच्या डोळ्यात औषध घालतोस तेव्हा तिला कुणी नाटकी म्हणत नाही. मला राग आहे दादा तुझा. तो लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

ते औषध होतं. गेल्या वर्षी श्रावणात आबांनी मला कोल्हापुरात डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. घरी सांगितलं, अंबाबाईला चाललोय. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला लावलं. चांगल्या माणसाची पट्टी निम्मी भिजते म्हणे. माझी काढल्यावर आबांनीच चष्मा लावून बघितली. "कोरडीच हाय की ओ ही."

मग डॉक्टरांनी आबांना समजेल असं सांगितलं. डोळ्यावर सदोदित पाण्याचा एक पातळ पापुद्रा असतो. तो डोळ्याला धरून राहावा म्हणून खाली चिकट थर असतो, आणि उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा थर, दुधावर साय असते तसा. प्रत्येक वेळी पापणी मिटली की तो नव्याने पसरतो. "काहींची नुसती साय पातळ होते, तुमच्या मुलीचं दूधच आटलंय," डॉक्टर म्हणाले. आबा म्हणाले, "म्हंजे म्हस आटली म्हणायचं." डॉक्टर हसले, मीही हसले. मग रक्त तपासलं. अंगातली रोगाशी लढणारी ताकदच चुकून आपल्या पाणी करणाऱ्या ग्रंथींवर उलटते, असा तो आजार निघाला. तोंडही त्यानंच कोरडं पडतं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही. औषधानं ताब्यात राहतो, पण जन्माचा आहे. आणि चांदी जोडायच्या ज्योतीजवळ बसायचं नाही. मी निघताना विचारलं, रडू आलं तर? ते म्हणाले, "रडू येईल, पाणी येईलच असं नाही."

खरं आहे ते. आबा गेल्यापासून मला रोज रडू येतं. गळ्यापर्यंत येतं, डोळे आतून चरचरतात, आणि बाहेर काहीच येत नाही. मोकळं होणं म्हणजे काय ते मी विसरले.

आता तू विचारशील, मग त्या दिवशी अंगणात सांगितलं का नाहीस. सासूबाई माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या, म्हणून. या घरात कुणालाच ठाऊक नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की माझा चष्म्याचा नंबर वाढलाय.

आमच्या थोरल्या जाऊबाई तुला आठवतात? माझ्या लग्नात हळद लावायला पुढं होत्या. त्यांना फिट येते हे कळल्यावर सासूबाईंनी चार दिवस माहेरी विश्रांती घे म्हणून पाठवलं. एकटीला. त्याला सात वर्षं झाली. कोर्टात तारखा चालू आहेत. त्यांचा आदर्श तेव्हा दोन वर्षांचा होता, आता नवाचा आहे, आणि मला आई म्हणतो. मी त्याला तसं म्हणू देते. त्याची आई एकदा शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली तर त्यानं तिला ओळखलं नाही, आणि मी त्याचा हात धरून घरी घेऊन आले. हे मी केलंय दादा. त्या दिवसापासून मला ठाऊक आहे की माझा आजार कळला तर राजवीर कुणाला आई म्हणेल.

म्हणून रोज सकाळी नऊ ते दुपारी तीन मी ज्योतीपुढं बसते. कड्या बारीक असतात, जोडताना पापणी हलवायचंही भान राहत नाही. सगळे म्हणतात, अनुच्या हाताला सफाई आहे. दिवाळीच्या मालाची घाई चालू आहे. आमचे हे वाईट नाहीत, पण आईपुढं यांचं तोंड उघडत नाही. परवा माझा लाल डोळा बघून म्हणाले, "एवढा हंगाम हुंदे, मग बघू." हंगाम झाला की दुसरा येतो. उठले तर का उठले ते सांगावं लागेल, आणि बसले तर डोळा जाईल. डॉक्टरांनी बजावलं होतं, बुबुळावर जखम झाली तर त्याच दिवशी या. ठिपका दिसून आज आठ दिवस झाले.

मला सुटायला एकच वाट दिसते. भाऊबीजेला तू न्यायला ये. मुराळी दारात आला की लेकीला पोरासकट पाठवायचं, हे सासूबाईंनाही मोडता येत नाही, गल्ली बघत असते. यंदा आपल्याकडं सण नाही हे खरं, पण न्यायला येण्याला आडकाठी नाही. जमलं तर भाऊबीजेच्या आधीच ये. सांग, वहिनींना बरं नाही, काहीही सांग. राजवीरला घेऊन मी निघाले की मग डॉक्टर काय म्हणतील ते म्हणतील, आणि इथं काय कळायचं ते कळू दे. पोरगं माझ्याजवळ असलं की मी कुणालाही तोंड देईन.

पत्र इथंच संपवणार होते. उठून डोळ्यांवर गरम फडकं ठेवून आले. डबा समोर ठेवलाय, आणि त्याच्याकडं बघून हे असंच पाठवायचं धाडस होत नाही.

औषधाची बाटली उघडली की महिनाभर चालते. इथल्या दुकानदाराची सासऱ्यांशी ऊठबस, त्यामुळं इथं घ्यायची सोय नव्हती. आबा दर महिन्याला आणून द्यायचे; जूनपासून डोळ्यात थेंब नाही. बाटली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तुपात खोल दाबायची, आणि लेकीला तूप आणलंय म्हणून सगळ्यांदेखत डबा माझ्या हातात द्यायचा. मी आत जाऊन तूप काढून घ्यायची, डबा धुऊन परत द्यायची. एकदा सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या म्हशीचं तूप लई घट्ट हुतंय." आबा म्हणाले, "माया हाय न्हवं त्यात." दोघंही हसले.

चौदा मेला, बुधवारी, आबा आले होते. दादा, आले होते.

तू संध्याकाळी फोन करून विचारलंस, "आबा तुझ्याकडं आलते काय?" आणि मी म्हणाले, "न्हाय." सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्या आणि बाकीची सगळी दुपारी बाहेर गेली होती, आबा आल्याचं कुणालाच माहीत नव्हतं, आणि व्हय म्हटलं असतं तर महिना भरायच्या आत दुसऱ्यांदा कशाला आलते हे निघालं असतं. मला वाटलं, आबा नुसते उशीर करतायत. तासाभरानं तुझा दुसरा फोन आला, स्टँडवरून त्यांना दवाखान्यात नेल्याचा.

तुला ते डेअरीत जातो म्हणाले होते ना? छातीच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी त्यांना उन्हात फिरायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तू त्यांच्या मागं लागून औषधं देत होतास. मला सगळं माहीत होतं. तरी मी सोमवारी झुंबरबाईंच्या फोनवरून त्यांना सांगितलं होतं, या वेळी बाटली महिन्याआधीच संपत आली. ते बाराच्या उन्हात आले. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे होते, हात छातीवर होता. मी पाणी दिलं. "दादाला सांगू नगं, वरडंल," म्हणाले. मला दिसलं होतं दादा. सासूबाई यायची वेळ झाली होती, म्हणून मी त्यांना बसा म्हणाले नाही. डबा रिकामा करायलाही सवड दिली नाही, तसाच ठेवून घेतला. म्हणून तो इथं राहिला. वहिनी दहा दिवस शोधत होत्या असं झुंबरबाईंच्या लेकीकडून कळलं.

गोठ्यामागं मी डोळ्यात घातलं ते त्याच डब्यातलं औषध होतं.

हे वाचल्यावर तू यायचं नाही ठरवलंस तर मी तुला काही म्हणणार नाही. आबांचं लपवून तुला बोलावलं असतं तर तू आलाही असतास, पण तुझ्या गाडीवर मागं बसून कळंब्यापर्यंत मी गप्प कशी बसले असते? पत्र वाचून झालं की चुलीत घाल. फोन करू नकोस, झुंबरबाईंकडं निरोपही देऊ नकोस.

यायचं नसेल तर डबा वहिनींच्या फळीवर ठेवून दे. त्यांचाच आहे.

यायचं असेल तर तो हातात घेऊन ये. रिकामा असला तरी चालेल.

उंबऱ्याकडं डोळे लावून,
तुझी
अनु