घराला अट नाही

मी, खाली सही करणारी, शाळांचे गणवेश शिवणारी विधवा, वय एकोणऐंशी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी संशयी आहे, पण तो वेडाचा प्रकार नव्हे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

एक. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. मागच्या वर्षी मी इस्पितळात असताना धाकटे दीर ते टाइप करूनच घेऊन आले. "वहिनी, नुसती सही करा, इस्पितळाचाच कागद आहे," म्हणाले. चष्मा घरी होता. मी सही केली. पुढे प्रत मागितली, तर महिनाभर टोलवाटोलवी. शेवटी जावेच्या कपाटावरून मी ती उचलून आणली. चोरी म्हणायची तर म्हणा. त्यात लिहिले होते की घर नातीला मिळेल, पण ती आमच्या घराण्याच्या धर्मात राहिली तरच. आणि सून दुसऱ्या धर्मातून आलेली. तिने तो सोडला नाही, तर महिन्याच्या आत घर सोडावे.

दोन. माझ्या दोन खोल्या आणि माळा नातीला, बिनशर्त. ती उद्या कोणताही धर्म घेवो, बदलो, नाहीतर एकही न मानो. सून, म्हणजे माझ्या दिवंगत मुलाची पत्नी, हयात असेपर्यंत तिथेच राहील.

हे मी मोठ्या मनाने लिहिते आहे असे कोणी समजू नये. सुनेची प्रार्थना मला आजही रुचत नाही. ती नातीच्या कानात काय भरते, या संशयाने मी पडद्यामागे उभी राहून ऐकत असे. एका दुपारी नातीने विचारले, "आई, मोठ्याने म्हणू?"

"हळू," सून म्हणाली. "आजी घरात आहेत."

पोरीचा आवाज लगेच खाली गेला. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

तीन. ती ओळख कुठली, ते सांगणे भाग आहे. माझी माहेरची श्रद्धा वेगळी. सासरी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बजावले, "ते सगळं तिकडेच ठेवून यायचं." मला कोणी काही विचारले नाही. मी शिवणयंत्र जोरात चालवायची आणि त्या खडखडाटात माझी प्रार्थना म्हणायची. अशी साठ वर्षे म्हटली. यजमानांना कळले असेल तर ते बोलले नाहीत. प्रार्थना कोणती, ते इथे लिहीत नाही. हा कागद दीर वाचणारच.

या कागदासाठी ज्यांचा सल्ला घेतला, त्या वकीलबाई म्हणाल्या, "मनात काय मानता, हे सांगायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. तो माणसाचा हक्क आहे."

"कुठे लिहिलंय?" मी विचारले. त्यांनी कायद्याचे पुस्तक उघडून दाखवले. मी दोनदा वाचले.

"माझ्या सुनेलाही लागू?"

"सगळ्यांनाच."

म्हणजे मला जे कधी मिळाले नाही, ते मी, ती लग्न होऊन आल्यापासून बारा वर्षे, तिच्याकडून काढून घेत होते. हे लिहिताना लाज वाटते, म्हणून अक्षर बिघडले आहे; कोणी खाडाखोड समजू नये.

चार. शिवणयंत्र आणि मोठी कात्री सुनेला. त्या कात्रीने कागद कापू नये. दिरांना या मृत्युपत्राची एक प्रत द्यावी, म्हणजे माझी कपाटे उचकटायला नकोत. याहून अधिक काही देऊ नये.

पाच. मी गेल्यावर दीर माणसे घेऊन सगळ्यांच्या आधी पोचतील, याची मला खात्री आहे. परंतु अंत्यविधीचा निर्णय सुनेचा. गेल्या आठवड्यात माझे पाय चेपताना तिने विचारले, "आई, तुमच्यामागे प्रार्थना कोणती म्हणायची?"

मला वाटले, हिला दिरांनीच पाठवले. "का विचारतेस?"

"चुकीची म्हटली जायला नको म्हणून."

आयुष्यात प्रथमच हे मला कोणी विचारत होते. मी उठून दाराला कडी घातली, खिडकी लावली आणि तिला सांगितले. तिने पाठ करून घेतली. दोन शब्द अजून चुकतात. ती म्हणेल तीच बरोबर धरावी.

ठिकाण: माझी पुढची खोली.
दिनांक: चौदा, मंगळवार, सकाळचे अकरा.
सही: गणवेशवाल्या बाई.

साक्षीदार: कोपऱ्यावरचे औषधविक्रेते, शेजारच्या निवृत्त परिचारिका. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. मजकूर त्यांना वाचू दिलेला नाही.